वीस इंची सायकल आणि पन्नाशीचे गुडघे

ब्रिटन आणि अमेरिकेतल्या बीएमएक्स ट्रॅकवर आता एका गोष्टीचे कोणाला नवल वाटत नाही. सात-आठ वर्षांची मुले जिथे रांगेत उभी असतात, त्याच रांगेत पंचेचाळीस-पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांच्या वयाच्या स्त्रियाही हेल्मेट घालून उभ्या दिसतात. सायकल तीच, लहान मुलाची वाटावी अशी. वीस इंची चाके, एकच गिअर आणि गुडघ्याच्या आसपास येणारी सीट. काहींनी ती लहानपणी चालवलेली असते, तर काहींनी चाळिशीनंतर पहिल्यांदाच हातात घेतलेली असते.

हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांच्या घरापासून दूरचा आहे. तरी त्यातून निघणारा प्रश्न प्रत्येक घरातला आहे. वय वाढल्यावर शरीराला नवे काही शिकवावे का? शिकवावे तर किती जोखीम घ्यावी? घर ज्याच्या कमाईवर चालते त्याने, किंवा घर जिच्या हातावर उभे आहे तिने, मनगट मोडण्याची शक्यता असलेला खेळ खेळावा का? या लेखात आम्ही हाच प्रश्न तपासत आहोत.

खेळ आला कुठून?

बीएमएक्सचा जन्म दक्षिण कॅलिफोर्नियातला, साधारण १९७०च्या सुमाराचा. मोठी माणसे मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती लावत. मुलांकडे मोटारसायकली नव्हत्या, पण श्विन कंपनीची १९६३पासून बाजारात आलेली 'स्टिंग-रे' ही उंच हँडलची छोटी सायकल होती. मोकळ्या मैदानात मातीचे उंचवटे करून मुले त्यावर मोठ्यांची नक्कल करू लागली. १९७१मध्ये आलेल्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटात ही मुले देशभर दिसली आणि खेळ पसरला. पुढे १९८२मध्ये अमेरिकेतच जागतिक स्पर्धा झाली. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सच्या शर्यतीला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये कसरतीच्या 'फ्रीस्टाइल' प्रकाराला जागा मिळाली.

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये या सायकलींची लाटच आली होती. रॅली कंपनीची 'बर्नर' ही सायकल कित्येक मुलांचे स्वप्न होती. ती मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा यांत तीस वर्षे गेल्यावर आता आपल्याच मुलांना ट्रॅकवर सोडायला आलेले हे बाप कठड्याबाहेर उभे राहण्याऐवजी आत उतरू लागले. मध्यमवयीन बीएमएक्सचा एक मोठा प्रवाह असा मुलांच्या मागून आलेला आहे.

नेमके काय करतात?

शर्यतीचा ट्रॅक साधारण ३०० ते ४०० मीटरचा असतो. आठ जण उतारावरच्या फाटकापाशी उभे राहतात, फाटक पडते आणि उंचवटे व कलती वळणे पार करत शर्यत मिनिटाच्या आतच संपते. वेळ थोडा असला तरी छाती भात्यासारखी चालते.

मोठ्या वयाच्या लोकांसाठी या खेळाने एक सोय केलेली आहे. 'क्रूझर' नावाच्या वर्गात चाके साधारण चोवीस इंची असतात. मोठे चाक खड्ड्या-उंचवट्यांवर अधिक स्थिर चालते. या वर्गात वयाचे गट आहेत आणि जागतिक पातळीवरही पन्नाशीवरच्यांसाठी वेगळा गट आहे. पन्नाशीच्या माणसाला विशीतल्या पोराशी झुंजावे लागत नाही.

ज्यांना शर्यतच नको त्यांच्यासाठी 'पंप ट्रॅक' असतो. एकामागून एक गोलसर उंचवटे आणि कलती वळणे, बस. इथे पायडल न मारता पुढे जायचे असते. उतारावर हातापायांनी सायकल खाली दाबायची आणि चढावर कोपर-गुडघे दुमडून अंग हलके करायचे. हा ताल जमला की सायकल आपोआप वेग घेते. चाके जमिनीवरच ठेवून हे सगळे करता येते. मांड्या, पाठ, खांदे, हात, सगळेच कामाला लागतात आणि तोलाचा सराव होतो. चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी आणि मनात आले तर इथेच थांबावे.

पन्नाशीतली शर्यत

'या वयात हे शोभते का?' हा प्रश्न आपल्या समाजात डॉक्टरच्या सल्ल्याआधी येतो. दाढीत पांढरे केस आले की माणसाने खुर्चीत बसावे, घाईने चालणेसुद्धा वयाला साजेसे नाही, अशी समजूत आहे. ही समजूत दीनमधून आलेली नाही.

हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग हदीसच्या संग्रहात आहे. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि आयशा (रजि.) जिंकल्या. काही काळाने पुन्हा शर्यत झाली. तोवर आयशा (रजि.) यांचे अंग भरले होते, आणि या वेळी प्रेषित (स.) जिंकले. मागच्या हारीची परतफेड झाली, असे ते गमतीने म्हणाले. हे मदीनेतल्या काळातले प्रसंग आहेत, म्हणजे प्रेषितांचे (स.) वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. एका समाजाचा भार खांद्यावर असलेले, लढाया आणि तह पाहिलेले हे व्यक्तिमत्त्व पत्नीबरोबर धावले, एकदा हरले आणि हसले. मग आपला मान एवढा नाजूक कसा, की तो मैदानात उतरल्याने मोडतो?

दुसरा दाखला घोड्यांच्या शर्यतींचा. मदीनेत प्रेषितांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्या, तेव्हा शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना काही मैलांचे लांब अंतर दिले होते. तशी तयारी न झालेल्या घोड्यांचे अंतर सुमारे एका मैलाचेच होते. कच्च्या घोड्याला शर्यतीबाहेर काढले नाही आणि पक्क्याच्या अंतरावर दामटलेही नाही. मध्यमवयात कोणताही खेळ सुरू करणाऱ्याने हा नियम मनात ठेवावा. मैदानात जरूर यावे, पण आपल्या तयारीचे अंतर धरून.

जोखीम किती?

बीएमएक्समध्ये माणूस पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. टोकियोमध्ये फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकणारी ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या फेरीत पडली होती. दुसऱ्या फेरीत तिने तीच अवघड कसरत पुन्हा केली आणि ती साधली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि अशा कसरती आधी फोमच्या खड्ड्यात पडून पडून घोटलेल्या असतात. पन्नाशीच्या माणसाने त्यातून चिकाटी घ्यावी, उलटी उडी घेऊ नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेचा डेव्ह मिर्रा हा या खेळातला फार मोठा खेळाडू, एक्स गेम्स या स्पर्धेत २४ पदके मिळवलेला. २०१६मध्ये वयाच्या ४१व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत, डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांमध्ये आढळणारा आजार दिसून आला. मोडलेले हाड जोडता येते, मेंदूचे तसे नाही. म्हणून हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटशिवाय ट्रॅकवर उतरायचे नाही. डोक्याला मार बसून गरगरले, मळमळले किंवा क्षणभर काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही. सरळ डॉक्टरकडे जायचे. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलायचे.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपरांचे पॅड आणि चालू स्थितीतला ब्रेक हा आपला उंट बांधण्याचा दोर आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. तेव्हा चाळिशीनंतर नवा जोरकस व्यायाम सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर जोराचे हादरे आणि ताण त्रासदायक ठरू शकतात. पायांची संवेदना कमी झाली असेल तर पायडलवर पाय नीट बसला आहे की नाही हे कळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामात अचानक उतरू शकते, म्हणून खिशात काही गोड हवे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर हा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. मासिक पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होतात. त्या वयातल्या भगिनींनी आधी हाडांची तपासणी करून घेतलेली बरी.

सायकल घेताना लक्षात ठेवावे की दुकानातली मुलांची वीस इंची सायकल आणि मोठ्यांची बीएमएक्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मुलाची सायकल मोठ्या माणसाच्या वजनाचे दणके सोसण्यासाठी केलेली नसते. बीएमएक्सची सीट मुद्दाम खाली असते, कारण चालवणारा बहुतेक वेळ उभा असतो. तिच्यावर बसून बाजारात ये-जा केली तर गुडघे दुखायला लागतील.

पहिले काही आठवडे सपाट मैदानावर उभे राहून सायकल चालवायची सवय करावी. दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे-कोपर थोडे दुमडलेले, नजर चाकावर न ठेवता पुढे. मग ब्रेक, मग वळणे, मग एखादा बुटका उंचवटा. पडताना हात ताठ टेकू नये, मनगट त्यानेच मोडते. दोन सरावांमध्ये विश्रांतीचा दिवस ठेवावा, कारण या वयात स्नायू सावरायला वेळ लागतो. रमजानमध्ये उपवास असताना असा सराव टाळावा. तहानलेल्या शरीराचा तोल आणि लक्ष दोन्ही लवकर जातात.

पोशाखाची अडचण?

भगिनींच्या मनात येणारा पहिला प्रश्न पोशाखाचा. बीएमएक्स शर्यतीचा रूढ पोशाख म्हणजे मनगटापर्यंत बाह्यांचा सैल सदरा, घोट्यापर्यंतची जाड विजार, पूर्ण हातमोजे आणि चेहराही झाकणारे हेल्मेट. खरचटण्यापासून बचाव म्हणून आलेला हा पोशाख पुरुषांनाही तसाच घालावा लागतो. हेल्मेटखाली पातळ, घट्ट बसणारा हिजाब घालता येतो. त्याच्या गाठी आणि टाचण्या मात्र आत नकोत, पडल्यावर त्या टोचतात. लोंबणारी ओढणी आणि पायघोळ कपडा चेनमध्ये अडकतो, तेवढे सांभाळावे. लंडनमध्ये 'सायकल सिस्टर्स' ही संस्था मुस्लिम स्त्रियांना एकत्र सायकल चालवायला बाहेर काढते. त्यांच्या सायकली बीएमएक्स नाहीत, पण मोठ्या वयात शिकायला सोबत मिळाली की संकोच किती लवकर सरतो, हे तिथे दिसते.

आपल्या मैदानात

आपल्याकडे बीएमएक्सचे ट्रॅक मोजकेच आहेत. पण महाराष्ट्रात आज पन्नाशीत असलेल्या किती तरी पुरुषांनी तासाच्या भाड्याने आणलेल्या उंच सायकलवर कैची मारत, गुडघे फोडून घेत तोल शिकला आहे. त्यांच्या बहिणींना मात्र अनेकदा ती संधीच मिळाली नाही. साधी सायकल, सकाळी फजरनंतरचे मोकळे मैदान आणि मागून सीट धरणारा मुलगा किंवा मुलगी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. दिवसाला अर्धा तास, पाच दिवस, एवढाच त्याचा हिशोब.

घरात असा खेळ सुरू झाला की आणखी एक गोष्ट घडते. एरवी मुलांनी आईबापांना शिकवताना, रागावताना, चुका काढताना पाहिलेले असते, शिकताना क्वचितच पाहिलेले असते. अब्बा पडले, कपडे झटकून उठले, आणि दहा वर्षांच्या मुलाला विचारू लागले की वळणावर तू अंग कुठे झुकवतोस, हे दृश्य त्या मुलाच्या मनात राहते. उद्या गणितात किंवा व्यवसायात अडखळल्यावर तो बापाकडे यायला कचरणार नाही, अशी आशा धरायला हरकत नाही.

ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने जोखीम घ्यावी का, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: चाक जमिनीवर ठेवून, डोके झाकून, आपल्या तयारीएवढेच अंतर घेऊन जरूर उतरावे. हवेत उडण्याचा मोह मात्र सोडून द्यावा, कारण ते शरीर एकट्याचे नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि घरच्यांचाही तिच्यात हक्क आहे. खुर्चीत बसून तिला गंजू देणे आणि ईर्षेने तिला मोडून घेणे, दोन्हींचा जाब द्यावा लागेल. अल्लाह आपणा सर्वांना तंदुरुस्ती देवो आणि तिचा योग्य वापर करण्याची सुबुद्धी देवो. आमीन.