माळ्यावरचा संगणक

बीड, परळी, अंबाजोगाई येथील पेढ्यांवर टॅलीसाठी घेतलेले कित्येक संगणक आता माळ्यावर पडून आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. तरी ते संगणक निरुपयोगी ठरत नाहीत. सॅटा एसएसडी बसवून लिनक्स मिंट घातल्यास घरच्या अभ्यासास पुरेल असा संगणक बहुधा उभा राहतो. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही.

नवा मदरबोर्ड घ्यायचा झाल्यास कॅबिनेट, कीबोर्ड, माउस जुनेच ठेवावेत. डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही, हे ध्यानात असावे. विजेच्या चढउतारांनी थकलेला एसएमपीएस मात्र बदलावा. तो बिघडल्यास इतर भागही जळू शकतात.

खरी जोखीम जुन्या हार्ड डिस्कमध्ये असते. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून आधी दोन प्रती काढाव्यात, त्या उघडून पाहाव्यात आणि मगच डिस्क पुसावी. उरलेले भाग नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावेत. यंत्र थोड्या खर्चात पुन्हा उभे राहते. हरवलेली खतावणी परत मिळत नाही.