एक मुद्दा, एक चिठ्ठी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. कल्पना डॉ. सु. मं. कत्रे यांची. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचायचे आणि वाचता वाचता शब्दांच्या चिठ्ठ्या काढायच्या. पंचवीस वर्षे हेच चालले. चिठ्ठ्या भरल्या सुमारे एक कोटी! डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडले.

एवढ्या ढिगातून हवे ते सापडते कसे? चिठ्ठीवर शब्द असतो, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य असते, ग्रंथ आणि त्यातले नेमके ठिकाण असते. चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावलेल्या. म्हणून वाचणारा एक आणि कोश लिहिणारा दुसरा असला तरी अडत नाही.

भीमेकाठच्या वडगाव रासाईतल्या दहावीच्या मुलाला कोश करायचा नाही, मान्य. पण त्याची काय, कुठल्याही गावातल्या मुलाची वही उघडा. धडाच्या धडा उतरवलेला असतो, नाहीतर पुस्तकाचे अख्खे पान हायलायटरने पिवळे. सगळेच पिवळे झाल्यावर महत्त्वाचे काय, हा शोध पुन्हा पहिल्यापासून.

त्यापेक्षा एका उपशीर्षकाखालचा मजकूर आधी पेन बाजूला ठेवून वाचावा. मग पुस्तक मिटून आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे. नावे, सनावळ्या, आकडे पुस्तक उघडून तपासावेत. जे लिहिता आले नाही, तिथेच धडा कच्चा आहे. हे कुठलेही गाइड सांगू शकत नाही.

लिहायचे ते सुट्या चिठ्ठ्यांवर. लग्नपत्रिकेची कोरी बाजू उत्तम. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी येतात. 'हवामान' मथळ्याची एक चिठ्ठी भारताची, दुसरी ब्राझीलची. फरक स्पष्ट करायचा तर दोन्ही समोर ठेवल्या की झाले. कोपऱ्यात धडा आणि पान क्रमांक मात्र हवाच. तो नसेल तर शंका आल्यावर मुलगा पुस्तकाकडे परत जात नाही, चुकीचेच पाठ करतो.

शिक्षकांनाही एक विनंती. वही तपासताना 'अक्षर सुंदर' असा शेरा देण्याआधी मुलाला त्यातला एखादा मुद्दा शोधून दाखवायला सांगा.