वय किती, तशी ताकद किती?



सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना कॅन्सर निघाला की आपल्या जुन्नर-आंबेगावात दोन बोलणी हमखास ऐकू येतात. "आता या वयात कशाला हाल?" किंवा "काय वाट्टेल ते करा, पण वाचवा." दोन्हींत माया आहे, पण त्यांच्या अंगात ताकद किती, हे कुणी पाहिलेलं नसतं.

सत्तरीच्या दोघी सारख्या नसतात. एक अजून कांदा खुरपायला जाते, दुसरी भिंत धरून मोरीपर्यंत जाते. दोघींना केमोचा एकच डोस कसा झेपेल? म्हणून उपचार ठरवण्याआधी एक तपासणी करतात. तिला जेरियाट्रिक असेसमेंट म्हणतात. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत यायला किती वेळ लागतो, गेल्या सहा महिन्यांत पडल्या का, वजन किती उतरलं, अंघोळ आणि पैशाचा हिशेब स्वतः जमतो का, विसरतात का, मन खचलंय का, गोळ्या किती चालू आहेत, घरी करणारं कोण आहे, हे त्यात पाहतात. त्यावरून डॉक्टर गरज पडल्यास डोस कमी करतात, नको ती गोळी थांबवतात, आहार-व्यायाम सुचवतात. ताकद चांगली असेल, तर निव्वळ वयामुळे उपचार नाकारायचं कारण उरत नाही.

कॅन्सर बळावलेल्या, सत्तरीपुढच्या ७१८ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या हाती ही तपासणी होती, तिथे उपचारांचा गंभीर त्रास शंभरात ५१ जणांना झाला. नव्हती तिथे ७१ जणांना. आणि त्यापायी आयुष्य घटल्याचं दिसलं नाही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये २०१८ पासून ज्येष्ठांसाठी असा खास विभाग आहे. दुसरीकडे उपचार घेत असाल, तरी डॉक्टरांना विचारा, "यांची ताकद तपासून उपचार ठरवाल ना?"

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि काढेसुद्धा पिशवीत घ्या. फाईल घेऊन बहुधा मुलगा जातो. पण आई अर्धीच भाकरी खाते, रात्री उठताना तोल जातो, हे सुनेला ठाऊक असतं. म्हणून तिनंही जावं, जमलं नाही तर लिहून द्यावं. आणि सगळ्यांत आधी सासूबाईंनाच विचारावं, "तुम्हाला काय हवंय?"