आधी देह, मग नौका
बेटांवरच्या नव्या मोसमाची तयारी करताना शिकलेले धडे

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रेनेडा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोटयार्डात आम्ही उभयता पुन्हा येऊन पोहोचलो. आमची अकरा मीटर लांबीची शिडाची नौका लोखंडी टेकूंवर, जाड पट्ट्यांनी जमिनीशी जखडलेली, ठेवली होती तशीच उभी होती. शिडी लावून वर चढलो, दार सरकवले आणि कोंदट, बुरशीचा वास अंगावर आला. पूर्वी या क्षणी कधी एकदा नौका पाण्यात उतरवतो असे होऊन जाई. या वेळी मी आधी सावली कुठे मिळेल ते पाहिले. कारण गेल्या वर्षी याच जागी माझे पती उष्माघाताच्या दारातून परत आले होते.

नौका जमिनीवर का ठेवावी लागते, हे आधी सांगायला हवे. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानला जातो. ग्रेनेडा साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला येते. म्हणून पुष्कळ नौकावासी या काळात नौका येथे ठेवून मायदेशी जातात. तरीही निश्चिंती नसते. सप्टेंबर २००४ मधील ‘आयव्हन’ने हे बेट आणि त्याच्या जायफळाच्या बागा उद्ध्वस्त केल्या, १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने शेजारच्या कॅरियाकू बेटाची दैना केली. वादळ टळले तरी नौकेला दमट उष्णता सोसावीच लागते. आणि आपण? सहा महिने थंड हवेत, खुर्चीत बसून घालवलेला देह घेऊन आपण थेट या उन्हात उतरतो.

गेल्या वर्षीची चूक

माझ्या पतींचे वय ६३. रक्तदाबासाठी त्यांना दोन गोळ्या चालू होत्या, त्यांतील एक लघवीवाटे पाणी बाहेर टाकणारी. आगमनाच्या दुसऱ्याच दिवशी नौकेच्या तळाचा जुना रंग घासायला ते सकाळी दहाला बसले. ‘एवढा पट्टा झाला की जेवू’ असे म्हणत दुपारचे दोन वाजले. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा साध्या प्रश्नाचेही उत्तर त्यांना नीट देता येईना. हातातील घासणी कशासाठी आहे, हेच ते विसरल्यासारखे पाहत होते. अंग तव्यासारखे तापले होते.

शेजारच्या नौकेवरील जोडपे धावून आले. आम्ही त्यांना सावलीत निजवले, कपडे सैल केले, रबरी नळीने अंगभर पाणी सोडले, पंख्यासारखा पुठ्ठा हलवत राहिलो, काखेत आणि मानेपाशी बर्फ ठेवला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते भानावर आले होते. मनाचा गोंधळ उडणे ही उष्माघाताची खूण आहे. अशा वेळी वाहनाची वाट पाहत बसू नये, शरीर थंड करण्यास त्याच क्षणी सुरुवात करावी, हे तेथील डॉक्टरांनी आम्हांला समजावले. त्या रात्री मुलीचा दूरध्वनी आला. “आई, बाबांना घेऊन परत ये. बोट विकून टाका,” ती म्हणाली. तिचे काही चुकत नव्हते.

त्या मोसमात आम्ही नौका पाण्यात उतरवलीच नाही. परत गेलो आणि वर्षभर विचार केला. दोष समुद्राचा नव्हता, वयाचाही पूर्णपणे नव्हता. तो घाईचा होता. या वर्षी परतलो, ते अटी घालून.

घर सोडण्यापूर्वी

पहिली अट होती डॉक्टरांच्या संमतीची. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती घटते. ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे मात्र अधिक धोक्याचे. आमच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली, एक औषध बदलले आणि पुढचे सहा आठवडे घरीच रक्तदाबाची नोंद ठेवायला लावली. दातांची तपासणीही करून घेतली. लहानशा बेटावर रात्री दाढ ठणकू लागली की तिचे महत्त्व कळते. औषधांचा पुरेसा साठा हातातल्या सामानात घेतला आणि चिठ्ठीची प्रत वेगळ्या पिशवीत ठेवली. चालणे, जिने चढणे, गुडघ्यांचे व मनगटांचे व्यायाम दोन महिने आधीच सुरू केले होते.

उन्हाशी ओळख

शरीर उष्ण हवेला सरावते, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक काम करायचे नाही आणि मग रोज थोडे थोडे वाढवायचे, असा नियम केला. सकाळी सहा ते साडेनऊ बाहेरची कामे. दुपारी विश्रांती, वाचन, याद्या. साडेचारनंतर पुन्हा थोडे. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारून ठेवावे.

एकेक काम, एकेक काळजी

तळाच्या रंगात तांबे असते. शेवाळ व कालवे चिकटू नयेत म्हणून. त्याची कोरडी धूळ फुप्फुसांत जाता कामा नये. म्हणून या वर्षी पाणी मारत ओलेच घासले, चष्मा व योग्य प्रतीचा मुखवटा लावला, आणि कठीण भाग यार्डातील कामगारांकडे सोपवला. आपले काम दुसऱ्याला देण्यात कमीपणा वाटू नये, ही या वयात शिकण्याजोगी गोष्ट आहे.

नौकेच्या आत बुरशी होती. पांढऱ्या व्हिनेगरने फळ्या पुसल्या, गाद्या उन्हात घातल्या. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. पिण्याच्या पाण्याची टाकी निर्जंतुक करून अनेकदा धुतली. स्वयंपाकाच्या गॅसची नळी जुनी दिसली, ती बदलली. सांध्यांना साबणाचे पाणी लावून फुगे येत नाहीत ना ते पाहिले. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. इंजिनाच्या थंड पाण्याच्या पंपातील रबरी चक्र बदलले, इंधनाची गाळणी बदलली, डोलकाठीच्या तारा हाताने चाचपून पाहिल्या.

शिडीचा धोका आपण सर्वांत कमी लेखतो. नौकेचा कठडा जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंच असतो आणि दिवसातून वीस वेळा चढ-उतार होते. शिडी वर बांधलेली हवी. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, नेहमी शिडीवर टेकलेले हवेत. सामान दोरीने वर ओढावे. यार्डातील डबकी व उघडे डबे रिकामे करावेत; डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारे डास दिवसाच चावतात.

पाण्यात

सोळाव्या दिवशी क्रेनने नौका उचलली. पूर्वी हे काम आम्ही सहा दिवसांत उरकत असू. पट्टे सोडण्यापूर्वी आम्ही आत जाऊन तळाच्या प्रत्येक झडपेला हात लावला. पाणी कुठेही झिरपत नव्हते. मग पट्टे ढिले झाले आणि पायाखालची फळी हलकेच डोलली. माझ्या पतींनी काही न बोलता माझा हात धरला.

पहिला प्रवास लहानच ठेवला: उत्तरेला कॅरियाकूपर्यंत, वाटेतील ‘किक एम जेनी’ या समुद्राखालील ज्वालामुखीभोवतीचे निषिद्ध क्षेत्र टाळून. समुद्र लागू नये म्हणून आदल्या रात्री पुरेशी झोप, सकाळी हलका आहार, आल्याचा तुकडा, आणि नजर क्षितिजावर. मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी लागते. तिने झोप येत असेल तर सुकाणू दुसऱ्याकडे द्यावे.

बेटांवरही काही पथ्ये आहेत. बॅराकुडासारखे मोठे प्रवाळी मासे आम्ही खात नाही. त्यांत सिग्वाटेरा हे विष असू शकते, जे शिजवून जात नाही आणि चवीला वा वासालाही कळत नाही. मँचिनील झाडाखाली पावसात उभे राहत नाही. त्याच्या चिकाने कातडी भाजते. प्रवाळाने झालेली लहानशी जखमही लगेच स्वच्छ पाण्याने धुतो.

कॅरियाकूच्या खाडीत नांगर टाकला. वादळाने मोडलेली छपरे अजून दिसत होती. पण किनाऱ्यावर हातोड्यांचा आवाजही येत होता. लाकडी नौका बांधण्याची या बेटाची परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली आहे. संध्याकाळी मुलीला दूरध्वनी केला. तिने पहिला प्रश्न विचारला, “बाबांचा रक्तदाब किती?” आम्ही तो मोजून ठेवलाच होता. आकडा ऐकून ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “ठीक आहे. रविवारी पुन्हा सांगा.”

परवानगी मिळाली ती एका आठवड्यापुरती. आम्हांला ती पुरेशी वाटली. दर रविवारी ती नव्याने मिळवायची आहे.