उन्हाचे आश्रित

कासव हा मंद, विरक्त आणि निरुपद्रवी प्राणी आहे, ही समजूत आपल्या मनात इतकी दृढ झाली आहे की, देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाला हात लावून पुढे जाणारा गृहस्थ जिवंत कासवालाही त्याच निःशंकपणे उचलतो, आणि त्याने मान आत ओढून घेतली म्हणजे ती त्याची नम्रता समजून प्रसन्न होतो. वस्तुतः ती शुद्ध भीती असते. वर्षानुवर्षे हौसेखातर कासवे न्याहाळल्यावर माझे मत असे बनले आहे की, या प्राण्याचे निम्मे वर्तन भीती ठरवते आणि निम्मे ऊन. पाळणाऱ्याच्या मायेला त्यात फारसा वाटा नाही.

कायद्याची बाब थोडक्यात उरकतो. तारा कासव, मऊ पाठीची कासवे इत्यादी आपल्या देशी जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. धनलाभासाठी म्हणून त्या घरात ठेवणे हा सरळसरळ गुन्हा आहे. शहरांतील काचपेट्यांत दिसणारे, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले हिरवे कासव म्हणजे ‘रेड-इअर्ड स्लायडर’. त्याचा मूळ मुलूख अमेरिकेतील मिसिसिपीचे खोरे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे कासवाच्या ऊन खाण्याकडे वळतो. दादरच्या एका स्नेह्यांच्या गच्चीवरील हौदात असे एक कासव आहे. सकाळी ऊन आले की ते दगडावर चढते, मान पुरती बाहेर काढते, मागचे पाय सरळ ताणून बोटे अशी फाकवते की त्यांमधील पडदा उन्हात पारदर्शक दिसावा, आणि त्याच स्थितीत निश्चल पडून राहते. पहिल्यांदा हे दृश्य पाहून घरच्यांनी पशुवैद्यास बोलावण्याची तजवीज केली होती! परंतु ज्याला स्वतःच्या देहात ऊब निर्माण करता येत नाही, त्याचे अन्नपचनदेखील बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. शिवाय उन्हातील अतिनील किरणांखेरीज ‘ड’ जीवनसत्त्व नाही, त्याखेरीज कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी, कारण ते किरण काच अडवून धरते. दोन कासवे एकमेकांच्या पाठीवर चढून बसतात ती प्रेमापोटी नव्हे, तर उन्हाच्या जागेवर हक्क सांगण्यासाठी. काचेशी येऊन पाय मारणारे कासव धन्याला ओळखते ते अन्नदाता म्हणून. प्रेम कोठे दिसलेच तर ते नराच्या प्रणयाराधनात: मादीहून लहान असलेला हा नर तिच्यासमोर उलटा पोहत पुढच्या पायांची लांब नखे तिच्या मुखापाशी थरथरवतो.

येथे थोडे विषयांतर करतो. कासवी आपल्या पिल्लांना केवळ दृष्टीने पोसते, असा दृष्टान्त आपल्या संतांनी दिला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे धावताना मी पाहिली, तेव्हा तो दृष्टान्त साहजिकच आठवला. त्यांची आई अंडी घालून, वाळू लोटून केव्हाच समुद्रात परतलेली असते. सुमारे 50 दिवस ती अंडी उबवते तापलेली वाळू, आणि आतला जीव नर की मादी हेही त्या वाळूच्या तपमानावरच ठरते. अधिक ऊब असली की माद्या. पोसणारी दृष्टी असलीच तर ती सूर्याची!

हाताळणीचा मुद्दा यातूनच निघतो. कवच ही कासवाने पांघरलेली पेटी नसून त्यात पाठीचा कणा आणि बरगड्या एकजीव झालेल्या असतात. त्यावर केलेला स्पर्श त्याला समजतो. म्हणून उचलणे अपरिहार्यच असेल तर वरून झडप न घालता बाजूने हात न्यावेत, पुढच्या व मागच्या पायांच्या मधल्या भागात दोन्ही हातांनी धरावे, पोटाखाली आधार द्यावा आणि जमिनीपासून फार उंच नेऊ नये. शेपटीस धरून कदापि उचलू नये. उताणेही करू नये, कारण फुप्फुसे पाठीच्या कवचालगत असल्याने आतड्यांचा भार त्यांवर पडतो. दात नसले तरी चोचीचा चावा कडकडीत असतो, हेही ध्यानात असावे.

धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. सबब हात साबणाने धुवावेत, हौदाचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये, आणि पाच वर्षांखालील मुलांना कासवापासून दूरच ठेवावे. लहान मुले इवली कासवे तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्रीच मना केली. आपल्याकडे मात्र एका दुकानदाराने रुपयाएवढे पिल्लू दाखवून “हे एवढेच राहते, साहेब” असे मला छातीठोकपणे सांगितले होते. मादी फूटभर होते; मग हौद अपुरा पडतो, आणि ती तळ्यात सोडली जाऊन देशी कासवांच्या मुळावर येते.

हा प्राणी वीस-तीस वर्षे सहज जगतो. तेव्हा ज्याला गोंजारण्याची हौस असेल त्याने मांजर पाळावे. ज्याला नुसते पाहण्यात रस असेल त्याने आधी घरातल्या उन्हाची खातरजमा करावी, आणि वय झालेले असल्यास कासवासाठी वारसही नेमून ठेवावा.