जवळचें मीठ, दूरचें मीठ

भास्कराचार्यांनीं आपल्या ११५० सालच्या 'लीलावती'त एक हिशेब घातला आहे. अमुक मापाच्या फळ्या एक गव्यूतीवरून आणण्यास गाडीवाला आठ द्रम्म भाडें घेतो, तर दुसऱ्या मापाच्या फळ्या सहा गव्यूतींवरून आणण्यास काय घेईल? एकादशराशिकानें हा सहज सुटतो. परंतु तेथें वाट एकच आहे. माल निघण्याचीं ठिकाणें अनेक व गिऱ्हाइकांचीं गांवें अनेक असल्यास कोणाचा माल कोणास धाडावा, ह्या प्रश्नास ती रीत पुरत नाहीं.

रशियांत १९३० सालीं ए. एन. टॉल्स्टॉय ह्या अभ्यासकानें (कादंबरीकार टॉल्स्टॉय ते निराळे) मीठ, सिमेंट इत्यादि मालाच्या रेल्वे-वाहतुकीसाठीं हा विचार केला. समजा, क व ख हीं मिठागरें, ग व घ हीं गांवें. क पासून ग २० मैल, घ ३० मैल. ख पासून ग ४० मैल, घ ८० मैल. प्रत्येक मिठागरांतून एक वाघीण निघावयाची व प्रत्येक गांवीं एक पोंचावयाची. व्यवहारी मनुष्य म्हणेल, ग ला क जवळ, तेव्हां तेथूनच मीठ घ्यावें. मग ख ची वाघीण घ ला जाते आणि बेरीज १०० मैल होते. उलट क ची घ ला व ख ची ग ला धाडल्यास ७० मैलच! टॉल्स्टॉयनें पाहिला तो अंतरांतील फरक. क ला दोन्ही गांवांत भेद अवघा १० मैलांचा, ख ला ४० चा. म्हणून जवळचें गांव ख ला द्यावें. दहा ठिकाणांहून अडुसष्ट ठिकाणीं जाणाऱ्या मालाचा त्यानें काढलेला आराखडा पुढें संगणकावर तपासला, तो सर्वोत्तमच ठरला.

दुसऱ्या महायुद्धांत टी. कूपमन्स ह्यांनीं रिकाम्या परतणाऱ्या जहाजांचा असाच हिशेब मांडला.

पण ग गांवच्या व्यापाऱ्यानें दुप्पट भाडें कां सोसावें? तक्रार रास्त आहे. लेनिनग्राडचे गणिती कँटोरोविच ह्यांच्या विचारांत तिचें उत्तर सांपडतें. जवळच्या मालास त्या जवळिकीचें मोल लावावें. क चें मीठ ख च्या मिठाहून २० मैलांच्या भाड्यापेक्षां अधिक, पण ५० पेक्षां कमी इतकें महाग ठेविलें, तर ग चा व्यापारी हुकुमावांचून आपण होऊन ख कडे वळतो. किंमतींची ही भाषा तेथील अधिकारी अर्थशास्त्र्यांस रुचली नाहीं. १९४२ सालीं लिहून झालेला कँटोरोविच ह्यांचा ग्रंथ १९५९ सालीं छापला गेला. कूपमन्स ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक त्यांना १९७५ सालीं मिळालें.