म्हणे, खिळासुद्धा ठोकता येत नाही!

पुण्याच्या कसबा किंवा शनिवार पेठेत कुणी जुना वाडा उतरवून त्या जागी नवं घर बांधायला काढलं, की आठवड्याच्या आत शेजारात दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, ‘इतकी ऐतिहासिक पेठ, इथे नवीन बांधायला परवानगी मिळतेच कशी?’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘तुम्ही कोथरूडला लिफ्टच्या बिल्डिंगीत राहायचं आणि आम्ही गळक्या छपराखाली बादल्या मांडून इतिहास जपायचा काय?’ दोघांचंही ऐकून घ्यावं असं आहे. मात्र एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या तटांचं एका वाक्यावर पक्कं एकमत असतं: ‘हेरिटेज लागलं की घराला खिळासुद्धा ठोकता येत नाही.’ पहिला तट ते समाधानानं म्हणतो, दुसरा संतापानं.

हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू येतं तसं सोसायटीच्या सभेतही येतं, आणि कायद्याची पुस्तकं बाळगणारी माणसंही ते बिनदिक्कत बोलतात. एकदाही कुणी विचारत नाही, की बाबा, ‘हेरिटेज लागलं’ म्हणजे नेमकं काय लागलं? कुणी लावलं? कोणत्या कायद्यानं?

विचारायला हवं, कारण या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. पहिली, केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवतीची बंधनं. दुसरी, महापालिकेची वारसा यादी. तिसरी, युनेस्कोची जागतिक वारसा यादी. या तिन्हींची कार्यालयं, नियम आणि परवानग्या वेगळ्या. एकीचा नियम दुसरीला लावला की जो गोंधळ होतो, त्यालाच पेठेत ‘कायदा’ म्हणतात.

सर्वांत कडक आहे ती पहिली. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ सालचा. त्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चारी दिशांना १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. मोजणी स्मारकाच्या हद्दीपासून होते, मधल्या इमारतीपासून नव्हे. शनिवारवाड्याच्या आतला सात मजली राजवाडा १८२८ च्या आगीत गेला, पण त्यामुळे बुरूज आणि तटाबाहेरची मोजणी थांबत नाही. शिवाजीनगरच्या पाताळेश्वर लेण्याभोवतीही हीच टेप लागते.

या १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, आणि ती खरोखर कडक आहे. खिळ्याचं वाक्य जन्मलं असेल तर इथेच. पण त्याच कायद्यातलं २०-सी हे कलम किती जणांनी वाचलं आहे? त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की १६ जून १९९२ पूर्वी उभ्या असलेल्या इमारतीच्या मालकाला प्रतिबंधित क्षेत्रातही दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. (त्या तारखेच्या अधिसूचनेनं ही क्षेत्रं प्रथम आखली गेली.) पेठेतले वाडे त्या तारखेच्या कितीतरी आधीचे. म्हणजे कुजलेली तुळई बदलणं, कडीपाट सावरणं, कौलं काढून छप्पर नीट करणं, या सगळ्याला दार उघडं आहे. अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे करायचा; त्यानं तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा; प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस कळवायची; त्यानंतर महिन्याभरात अधिकाऱ्यानं हो किंवा नाही सांगायचं. कायद्यातली मुदत ही अशी आहे. कोणतंही सरकारी दार वेळेवर उघडतं असा माझा दावा नाही, पण दार आहे, आणि बहुतेक जण ते ठोठावतच नाहीत, कारण त्यांना आळीतल्या कुणीतरी सांगितलेलं असतं की तिथे भिंत आहे.

आता या कलमातली खरी मेख. कायदा ‘दुरुस्ती’ आणि ‘पुनर्बांधणी’ या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. आहे त्या इमारतीत बदल करणं ही दुरुस्ती. पडलेली इमारत तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभी करणं ही पुनर्बांधणी. पुनर्बांधणीला १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, १०० मीटरच्या आत मिळत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शनिवारवाड्याला खेटून असलेला वाडा उभा आहे तोवर तो दुरुस्त करता येतो. तो एकदा कोसळला, की होता तसाही पुन्हा बांधता येत नाही.

आणि होतं काय? मालक म्हणतो, ‘खिळा ठोकता येत नाही, तर खर्च कशाला करा?’ भाडेकरू म्हणतो, ‘दुरुस्ती मालकाचं काम.’ चार पावसाळे पाणी मुरतं, लाकडी चौकट सडते, पाचव्या पावसाळ्यात वरचा मजला खाली येतो. मग मात्र खरोखरच काही करता येत नाही, आणि सगळी पेठ मान डोलावते: ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ गैरसमजानं स्वतःला खरं करून घेण्याची याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

इथे एक कबूल करायला हवं. १०० मीटरची ही टेप डोंगरातल्या निर्जन लेण्याला आणि भर वस्तीतल्या भुईकोट वाड्याला सारखीच लागते, हे काही शहाणपणाचं नाही. लेण्याभोवती झाडं असतात. शनिवारवाड्याभोवती माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथल्या रहिवाशांनी हा नियम वस्ती बघून ठरवा अशी मागणी केली, तर ती रास्त आहे. पण मागणी करायची तर आधी नियमात काय लिहिलं आहे ते माहीत हवं. नसलेल्या नियमाविरुद्ध मोर्चा काढून उपयोग नाही.

उलट्या बाजूनं दुरुस्तीच्या याच कलमाचा गैरवापरही होऊ शकतो, तो शेजाऱ्यांनी ओळखायला हवा. २०२१ साली जुन्या गोव्यात संरक्षित क्षेत्रातल्या एका बंगल्याच्या बांधकामावरून मोठं आंदोलन झालं. आंदोलकांचा आरोप हाच होता, की जुन्या घराच्या दुरुस्तीच्या नावाखाली नवं घर उभं राहतं आहे. तेव्हा शेजारी काम सुरू झालं की ‘बंदी आहे, बंदी आहे’ असा घोषा लावण्यापेक्षा परवानगीचा कागद मागावा आणि त्यावर ‘दुरुस्ती’ लिहिलं आहे की आणखी काही, ते बघावं.

आता पालिकेची यादी. स्मारकापासून दूर असलेल्या वाड्याला किंवा बंगल्याला ‘हेरिटेज लागतं’ ते बहुतेक वेळा या यादीमुळे. मुंबईत यासाठी १९९५ साली नियमावली आली, पुढे राज्यातल्या इतर शहरांतही तशा तरतुदी आल्या. यादीत श्रेण्या असतात. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, मजबुतीसाठी लागेल तेवढं सोडून. खिळ्याचं वाक्य थोडंफार लागू पडतं ते इथे, आणि या श्रेणीत सहसा कुणाचं राहतं घर नसतं. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात, बाहेरच्या रूपावर लक्ष असतं. तिच्याच एका पोटश्रेणीत त्याच आवारात दुसरी इमारतही बांधता येते, उंची आणि दर्शनी भाग जुळता ठेवला तर. तिसऱ्या श्रेणीत तर आतले, बाहेरचे बदल, वाढीव बांधकाम, सगळं शक्य आहे, मूळ वास्तूच्या आणि परिसराच्या रूपाला धक्का लागू न देता.

यावर कुणी म्हणेल, हे कागदावरचं झालं. मग गिरगावातली खोताची वाडी बघा. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, ईस्ट इंडियन कुटुंबांची बैठी-दुमजली घरं. हा भाग १९९५ च्या यादीत परिसर म्हणून नोंदवलेला. एके काळी तिथे अशी पासष्टच्या आसपास घरं होती, आज निम्मीही उरलेली नाहीत. जी गेली त्यांच्या जागी इमारती आल्या. यादीत नाव आल्यानं खिळाही ठोकता येत नसता, तर ही घरं गेली कुठे? यादी जेवढी अडवते असं लोक समजतात, तेवढी ती अडवतच नाही. वारसाप्रेमींची खरी तक्रार हीच असायला हवी.

‘यादीत नाव गेलं की जागेची किंमत मातीमोल’ हे खिळ्याच्या वाक्याचंच धाकटं भावंड. राज्याच्या टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) नियमांत, वारसा बंधनांमुळे जो एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) वापरता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर देण्याची तरतूद आहे. तो विकता येतो. अर्थात त्यासाठी जागेचे कागद स्वच्छ हवेत आणि मालकांच्या सह्या एका जागी हव्यात. पेठेतल्या कित्येक वाड्यांचं घोडं तिथे अडतं: आजोबांच्या नावावरचा सातबारा किंवा मालमत्तापत्रक, अकरा चुलत भावंडं, त्यातली दोन परदेशात, एक बोलत नाही. याचं खापर हेरिटेजवर फोडणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. तसं केलं की चुलत भावाला फोन करावा लागत नाही.

मुंबईत २०१२ साली या यादीत नऊशेहून अधिक नव्या नोंदींचा प्रस्ताव आला आणि त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. तेव्हा पार्कातले मराठी शेजारी असेच दोन तटांत उभे राहिले, पुनर्विकास अडेल म्हणणारे आणि टॉवर येतील म्हणणारे. तिथेही भीती त्याच एका वाक्याची होती.

किरकोळ गैरसमज आता भराभर.

शंभर वर्षं झाली की घर आपोआप हेरिटेज होतं: होत नाही, अधिसूचना निघावी लागते. आणि वय कमी म्हणून कुणी सुटतही नाही. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती १९३० च्या दशकापासूनच्या, तरी २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या.

युनेस्को येऊन बांधकाम थांबवेल: युनेस्कोकडे बुलडोझर नाही आणि स्थगितीचा हुकूमही नाही, इथे चालतात ते इथलेच कायदे. फार तर यादीतून नाव काढता येतं. पुलामुळे ड्रेस्डेनचं २००९ मध्ये निघालं, नव्या बांधकामांमुळे लिव्हरपूलचं २०२१ मध्ये. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले त्या यादीत आले, शनिवारवाडा त्यांत नाही.

लाल महाल बघा, जुनं कसं जपलंय: आजचा लाल महाल महापालिकेनं १९८० च्या दशकात बांधलेला आहे.

धोकादायक इमारतीची नोटीस आली म्हणजे पाडायलाच हवं: पालिकेच्या वर्गवारीत फक्त सी-१ ला पाडणं सांगितलेलं असतं, सी-२ आणि सी-३ ला दुरुस्ती.

वाडा पडला की भाडेकरूचा हक्क संपला: सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं आहे की इमारत पालिकेनं पाडली तरी भाडेकरार त्यामुळे संपत नाही. वाडा पडण्याची वाट बघणाऱ्या मालकांनी हे कृपया दोनदा वाचावं.

सिमेंटचा गिलावा मारला की जुनी भिंत पक्की: चुन्या-मातीच्या भिंतीतली ओल सिमेंटमुळे आत कोंडते आणि शेजारची लाकडं आधी जातात.

नवं घर जुन्यासारखं दिसलं की परिसर राखला गेला, हा समज मात्र एका ओळीत आटपणार नाही. हल्ली काँक्रीटच्या पाच मजल्यांना फायबरच्या महिरपी आणि लाकडी रंगाचे पत्रे चिकटवून त्याला ‘वाडा’ असं नाव देतात आणि शेजारीही ‘छान, परंपरा जपली’ म्हणतात. जगभरच्या जतनशास्त्राचा पाया मानली जाणारी १९६४ ची व्हेनिस सनद याच्या नेमकं उलट सांगते: नवी भर जुन्याशी जुळती हवी, पण नवी म्हणून ओळखू यायला हवी. पेठेतलं रूप ठरतं ते रस्त्याला लागून असलेल्या दर्शनी रेषेनं, उंचीनं, आतल्या चौकानं. साधं, दुमजली, नव्या पद्धतीचं घर या रेषेत बसलं तर गल्लीचं काही बिघडत नाही. खोट्या महिरपीखाली गाड्यांचं पार्किंग काढलं, की गल्लीची भिंतच नाहीशी होते.

शेवटी शेजाऱ्याच्या हक्काचं. ‘माझी सही नसेल तर तो बांधूच शकत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक आळीत असतात. बांधकामाची परवानगी नियोजन प्राधिकरण देतं. शेजाऱ्याच्या पसंतीवर ती अवलंबून नसते. शेजाऱ्याचे हक्क दुसरीकडे आहेत, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात. २० वर्षं अखंड मिळत आलेला उजेड आणि वारा हा तिथे हक्क बनू शकतो, मात्र नव्या बांधकामानं त्यात भरीव नुकसान झालं तरच दाद लागते. थोडी सावली पडली म्हणून नाही.

त्याच कायद्यात, उजेड-वाऱ्याच्या शेजारीच, आधाराचा हक्क आहे, आणि पेठेत त्याला फार किंमत आहे. इथले वाडे एकमेकांना टेकून उभे आहेत, कित्येकांची भिंत सामायिक. एक वाडा उतरवला आणि पायासाठी खोल खड्डा घेतला, की शेजारच्याचा २० वर्षांहून जुना आधार जातो, आणि भिंतीला तडे जातात ते त्यामुळे. हरकतीच्या अर्जात ‘आमच्या पेठेचा इतिहास’ यावर दोन पानं लिहिणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याऐवजी सामायिक भिंतीचे आजचे फोटो जोडावेत, काम सुरू होण्याआधी आपल्या बाजूचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं, आणि खोदाईत आपली भिंत कशी पेलून धरणार हे बांधणाऱ्याकडून लेखी मागावं.